पेंढा भरायला पक्षी द्यायचाय? मग पहिले काही तास तुमच्या हातात आहेत

गेल्या एप्रिलात निपाणीकडून एकजण मोटारसायकलवरून असील कोंबडा घेऊन आला. मेलेला. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, पिशवीला घट्ट गाठ आणि ती पिशवी हँडलला लटकवलेली. कोंबडा पहाटे गेला होता. माझ्या दारात पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. गाठ सोडली तेव्हा वासानंच कळलं. पोटाची कातडी हिरवी पडली होती. चिमटीत पोटावरची चार पिसं धरून हलकेच ओढली तर चारही हातात आली.

"एवढा जपून आणला की ओ," तो म्हणाला.

जपूनच आणला होता बिचाऱ्यानं, वारा लागू नये इतका. तिथंच घात झाला.

मी बेळगावचा. कॉलेजच्या प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करता करता पेंढा भरायला शिकलो आणि आता घरीच हे काम करतो, फक्त पाळीव पक्ष्यांचं. लोकांना वाटतं, सगळी कारागिरी माझ्या टेबलावर होते. खरं तर पक्षी माझ्याकडे येतो तेव्हा निम्मा निकाल लागलेला असतो, आणि तो लावलेला असतो पक्ष्याच्या मालकानं. सुटलेली पिसं मला परत चिकटवता येत नाहीत. म्हणून फोनवर प्रत्येकाला जे सांगतो ते एकदाच लिहून ठेवतोय.

आधी कायद्याचं

ही विद्या मुळात शिकाऱ्यांची. पक्षी पडला की रानातच त्याची व्यवस्था कशी लावायची, हे जुन्या शिकाऱ्यांना आणि त्यांच्याबरोबर हिंडणाऱ्या माणसांना पाठ असायचं. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं पाहिली असतील. म्हैसूरचं व्हॅन इंगेन घराण्याचं दुकान तर वाघ-बिबट्यांसाठी देशोदेशी नावाजलेलं होतं. तो जमाना संपला आणि बरं झालं संपला.

आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानातला तित्तर, लावा, बदक, मोर यांपैकी काहीही मारता येत नाही. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं: आपोआप मेलेला रानपक्षीही तुमचा होत नाही. कलम ३९ प्रमाणे तो सरकारची मालमत्ता असतो. खानापूरच्या रस्त्यावर गाडीला धडकून पडलेलं घुबड असो, शेतात मेलेला मोर असो की धुपदाळच्या बंधाऱ्याकाठी सापडलेला करकोचा, उचलून घरी आणायचा नाही. वनखात्याला कळवायचं आणि बाजूला व्हायचं. "मी मारला नाही" हे उत्तर तिथं चालत नाही. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपटसुद्धा यातच येतो. तो पाळणंच बेकायदा आहे, त्यामुळे तो मेल्यावर मला फोन करू नका. आफ्रिकन ग्रे, मकाव असे परदेशी पक्षी पाळणाऱ्यांनी त्यांची नोंदणी केलेली असायला हवी आणि मृत्यूही कळवायला हवा. आधी ते कागद, मग पेंढा.

राहिले कोंबडे, ढाबळीतली कबुतरं, घरची बदकं, टर्की, गिनी फाऊल, बजरीगर. पुढचं सगळं यांच्यासाठी.

हात लावण्याआधी: कशानं मेला?

म्हातारपणानं, कुत्र्यानं धरल्यानं, पंख्याला धडकून, अशा कारणानं एकच पक्षी गेला असेल तर पुढं जा. पण खुराड्यात दोन दिवसांत तीन-चार गेले असतील, माना वाकड्या होत असतील, हिरवी पातळ शीट होत असेल, तर ती मानमोडी असू शकते आणि त्याहून वाईटही काही असू शकतं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. अशा वेळी पेंढ्याचा विचार सोडा आणि जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. फ्रीझरमध्ये ठेवल्यानं असे विषाणू मरत नाहीत, उलट चांगले टिकतात. तुम्ही तो पक्षी मला दिलात तर रोगही देताय.

साध्या मृत्यूतही हातमोजे आणि मास्क घालाच. कबुतरांच्या आणि पोपटांच्या वाळक्या शिटेची धूळ छातीत जाऊन माणसं आजारी पडतात. पक्षी गार होऊ लागला की उवा त्याच्या अंगावरून उतरून तुमच्या मनगटावर चढतात. त्या माणसाच्या अंगावर टिकत नाहीत, पण तेवढा अर्धा तास जीव नको होतो.

दुसरं म्हणजे पिसं बघा. झडीचा काळ चालू असेल आणि नव्या पिसांची निळसर, रक्तानं भरलेली नळकांडी कातडीतून वर येत असतील, तर काम चांगलं होणार नाही. ती पिसं वाळल्यावर आक्रसतात. पिलांचंही तेच. असा पक्षी आला की मी स्पष्ट सांगतो: एक चांगला फोटो काढून भिंतीला लावा आणि पक्षी पुरून टाका.

ऊब काढणं, सगळ्यात महत्त्वाचं

पक्ष्याचं अंग माणसापेक्षा गरम असतं, ४० ते ४२ अंश सेल्सिअस. त्यावर पिसांची दुलई. जीव गेला तरी दुलई तशीच राहते, आतली ऊब बाहेर पडत नाही आणि आतड्यातले जंतू जोमानं कामाला लागतात. म्हणून पोट आधी हिरवं पडतं आणि पिसंही तिथलीच आधी सुटतात. मग डोळ्याभोवतीची, चोचीच्या मुळाशी असलेली.

चादरीत गुंडाळू नका. पिशवीत घालू नका. गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. आपल्याकडे निम्म्या घरांत शहाबादी फरशी असते, तिचा इथं उपयोग करा. सावलीतल्या गार फरशीवर पक्षी पाठीवर ठेवा, पंख अंगापासून किंचित सुटे करा आणि वरून पंखा लावा. घरात गोळ्या-इंजेक्शनांबरोबर मिळणारे बर्फाचे पॅक असतील तर फडक्यात गुंडाळून एक पोटावर आणि एकेक दोन्ही पंखांखाली ठेवा. बर्फाचे उघडे तुकडे ठेवू नका. बर्फ वितळतो, पिसं भिजतात आणि भिजलेली कातडी लवकर कुजते.

बेळगाव शहरात हवा बरी असते, थोडी सवड मिळते. अथणी, चिकोडीकडच्या उन्हाळ्यात ती नाही. तिथं मी दोन तास धरतो, त्याच्या आत पक्षी थंडीत गेला पाहिजे. खानापूरच्या पावसाळ्यात ऊन नसतं पण ओल असते. चिंब भिजलेला पक्षी आधी टॉवेलनं पिसांच्या दिशेनं टिपून घ्या आणि पंख्याखाली कोरडा करा. केस वाळवायचं यंत्र वापरायचं तर फक्त गार हवेवर.

शेतात असाल, घर लांब असेल, तर मासेवाला गाठा. गोव्याकडून, कारवारकडून मासळी येते ती थर्मोकोलच्या खोक्यात. एक रिकामं खोकं आणि किलोभर बर्फ कुणीही देतो. कानडीत "स्वल्प बर्फ कोडरी" (थोडा बर्फ द्या) म्हटलं की पैसेसुद्धा घेत नाहीत. बर्फ दोन पिशव्यांत बांधून तळाशी, त्यावर जाड पुठ्ठा, त्यावर पक्षी. खोक्याला मासळीचा वास असतो, तो नंतर जातो. कुजल्याचा जात नाही.

एक गोष्ट सगळे हटकून करतात: पोट फाडून आतडी काढतात. खायच्या कोंबडीचा तो नियम झाला. पेंढ्याच्या पक्ष्याचं पोट फाडू नका. तुमचा काप आडवा-तिडवा जाणार, आतली घाण पिसांवर येणार आणि मला हवा तो सरळ एक काप मिळणार नाही.

बोळे

मेलेल्या पक्ष्याच्या तोंडातून काही वेळानं पाणी गळू लागतं, गळ्याखालच्या अन्नपिशवीत दाणे आणि पाणी भरलेलं असेल तर भरपूर. हे पाणी मानेच्या पिसांत उतरलं की डाग पडतो. मऊ कापसाचा बोळा करून काडीनं घशात खोल सारा, दुसरा तोंडात. नाकपुड्यांत कापसाची बारीक वात. शिटेच्या जागीही एक बोळा. त्याआधी पोट दाबून बघायचा मोह आवरा. जखम असेल तर तिच्यावर कापूस ठेवा, आत कोंबू नका.

बोळे बसले की मगच पक्षी हलवा. उचलताना खालून दोन्ही तळहातांवर घ्या. मानेला धरून लोंबता नेलात तर कातडी ताणून मान लांब होते आणि मग मी केलेला कोंबडा जिराफासारखा दिसतो.

माश्या आणि मुंग्या यांचंही इथंच सांगतो. उन्हाळ्यात माशी काही मिनिटांत तोंडात, डोळ्यात, जखमेवर अंडी घालते. मुंग्यांना पापण्या आणि पायांची कातडी आवडते, आणि मुंगीनं कुरतडलेली पापणी दुरुस्त होत नाही. वर जाळीचं पातळ फडकं टाका. ताटात पाणी घालून त्यात भांडं ठेवतो तसं करता आलं तर उत्तम.

रक्त, आणि हळदीचं प्रकरण

शहापूरच्या एका कबुतरवाल्याचा पांढरा लक्का मांजरानं धरला. साध्या कबुतराच्या शेपटीत १२ पिसं असतात, लक्क्याच्या तीसच्या वर. पंख्यासारखी उभी शेपूट, सगळी पांढरीशुभ्र. त्या माणसानं पक्षी वेळेत गार केला, बोळे बसवले, सगळं नीट केलं आणि शेवटी जखमेवर चिमूटभर हळद लावली. आपली सवय. माणसाला लागतं तेव्हा हळद, मग पक्ष्याला का नको? छातीवर जो पिवळा डाग बसला तो मी धुतला, पुन्हा धुतला, उन्हाला धरला. आजही तो लक्का त्यांच्या दिवाणखान्यात आहे, भिंतीकडे छाती करून.

रक्त ओलं असेल तोवर गार पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसानं टिपा. गरम पाणी लावलंत की रक्त पिसात शिजून बसतं. टिपायचं, घासायचं नाही आणि पिसांच्या उलट दिशेनं कधीच नाही. नंतर वर थोडं मक्याचं पीठ भुरभुरून ओल शोषू द्या आणि मऊ ब्रशनं झाडा. वाळून गेलेलं रक्त तुम्ही खरवडू नका, माझ्यासाठी ठेवा.

हळद नको तसं मीठ, फिनेल, रॉकेल, डांबरगोळ्यांची पूड, अत्तर हेही नको. आणि फॉर्मॅलिन तर अजिबात नको. कॉलेजातली ओळख काढून पक्ष्याला फॉर्मॅलिनचं इंजेक्शन देऊन आणणारे मला भेटलेत. फॉर्मॅलिननं मांस आणि कातडी एकजीव होऊन ताठ होतात, मग कातडी सोलतच नाही. असा पक्षी बरणीत ठेवायच्या कामाचा, पेंढ्याच्या नाही. कातडी टिकवायला आम्ही टाकणखार वापरतो, सोनाराकडचा, पण तो कातडी सोलल्यावर आतून लागतो. पूर्वी त्या जागी सोमलाचा, म्हणजे विषारी आर्सेनिकचा, साबण वापरायचे. तुमच्या वाड्यात आजोबांच्या काळचा पेंढा भरलेला पक्षी असेल तर त्याला उघड्या हातानं पुसू नका आणि पोरांना खेळायला देऊ नका. सोमल अजूनही त्यात असू शकतो.

मापं आणि रंग

हे लोक विसरतात आणि नंतर भांडतात: "आमच्या कोंबड्याचा तुरा असा नव्हता." नव्हताच. तुरा आणि गळ्याखालची लोंबती लाल कातडी वाळली की आक्रसते, काळपट पडते. पायांचा रंग उडतो. डोळे तर काही तासांत दुधाळ होतात. कबुतरवाले डोळ्यावरून जात ओळखतात, मोतिया डोळ्याला पैसे जास्त मोजतात. मेल्यावर मोतिया काय आणि लाल काय, सगळे सारखेच. काचेचे डोळे मी बसवतो, पण कोणत्या रंगाचे हे मला तुमच्याकडूनच कळणार.

म्हणून लगेच, सावलीत, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढा. डोळा जवळून, तुरा दोन्ही बाजूंनी, पाय, पायामागचा काटा, पंख उघडून वरून आणि खालून. शेजारी पट्टी ठेवा. तो जिवंत असतानाचा, उभा असतानाचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर त्याचं मोल या सगळ्याहून जास्त. कोंबडा छाती काढून कसा उभा राहायचा, मान कुठं वळवायचा, हे मेलेल्या अंगावरून कळत नाही.

मापासाठी दोरा पुरतो. पंखांखालून छातीभोवती एक वेढा घ्या, दोन्ही टोकं मिळतात तिथं गाठ मारा. दुसरा दोरा चोचीच्या मुळापासून खांद्यापर्यंत, मानेच्या लांबीचा. दोन्ही दोरे कागदाच्या पुडीत घालून, वर कुठला कशाचा ते लिहून, पक्ष्याबरोबर ठेवा. आकडे लिहिताना माणूस चुकतो, दोरा चुकत नाही.

वळण आणि मोजा

मेल्यावर काही तासांत अंग ताठ होतं आणि साधारण दिवसभरानं पुन्हा सैल पडतं. ताठ व्हायच्या आत पक्षी आवरून घ्यायचा. ताठ झाल्यावर पंख जबरदस्तीनं मिटलात तर पीस मोडेल किंवा सांधा सुटेल. तेव्हा वाट बघायची, पण थंडीत ठेवून.

पंख अंगाला चिकटवून नैसर्गिक घडीत मिटा. डोकं वळवून पंखाखाली घाला, झोपलेला पक्षी असतो तसं. पाय पोटाशी दुमडा. शेपटीची पिसं सरळ करून वर-खाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवा आणि सैल दोरा बांधा. असील किंवा गावरान कोंबड्याच्या शेपटीतली विळ्यासारखी लांब पिसं वाकवून पिशवीत कोंबू नका. पिशवी मोठी आणा. डोक्यावर पिसांची शेंडी असेल तर कागदाची पुंगळी करून तिच्यावर चढवा.

शिकार जिथं कायद्यानं चालते त्या देशांतले शिकारी एक साधी युक्ती करतात, ती इथंही कामाला येते. बायकांचे पातळ नायलॉनचे लांब मोजे मिळतात, त्यात पक्षी डोक्याकडून सरकवायचा. सगळी पिसं आपोआप मागं, आपल्या जागी बसतात आणि तिथंच राहतात. काढताना मागं ओढायचा नाही, मोज्याचं पुढचं टोक कापून पुढूनच बाहेर घ्यायचा. रविवारपेठेत मोजे मागताना दुकानदारानं "कुणासाठी?" विचारलं तर "कोंबड्यासाठी" असं खरं उत्तर देऊन बघा एकदा.

कबुतराच्या बाबतीत मोजा सक्तीचाच समजा. त्याची कातडी कागदासारखी पातळ, पिसं हात लागताच झडतात. कोंबड्यापेक्षा कबूतर अवघड, आणि लोकांना उलटं वाटतं. बदकाचं वेगळंच दुखणं असतं, कातडीखाली चरबी. पण ती माझी डोकेदुखी, तुम्ही फक्त गार ठेवा.

वर्तमानपत्रात थेट गुंडाळू नका. ओल्या पांढऱ्या पिसांवर शाई उतरते. आत कोरा कागद, वर पाहिजे तर वर्तमानपत्र.

फ्रीझर

एका दिवसात माझ्याकडे पोचणार असाल तर फ्रीझर नको, फ्रिजचा खालचा कप्पा पुरे. त्याहून उशीर होणार असेल तर गोठवायचं, उणे १८ अंशांच्या आसपास. पक्षी पूर्ण गार झाल्यावरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर आत घाम धरतो. हवा दाबून बाहेर काढा, वर दुसरी पिशवी. पाय आणि चोच ओल्या कागदी रुमालात गुंडाळा. फ्रीझरची हवा कोरडी असते, पायाची बोटं आणि पापण्या त्यात वाळून चामड्यासारख्या होतात. पक्षी आडवा ठेवा, वर मटारच्या पिशव्या रचू नका. टर्कीसारखा मोठा पक्षी आतपर्यंत गोठायला बराच वेळ लागतो, म्हणून त्याचं पोट आधीच बर्फाच्या पॅकनं गार केलेलं असावं.

रात्री लाइट गेली तर फ्रीझरचं दार उघडून बघत बसू नका. बंद दारात थंडी बराच वेळ टिकते. पण पक्षी एकदा पूर्ण मऊ झाला तर पुन्हा गोठवू नका, तसाच फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी आणा. गोठला-वितळला, गोठला-वितळला, की पिसं हमखास सुटतात. नीट गोठवलेला पक्षी सहा महिने आरामात थांबतो. मी त्याहून जुनेही केलेत, पण पाय बघून हळहळलोय.

पिशवीवर चिठ्ठी लावा. आमच्या घरी एकदा पाहुणीनं मदत म्हणून फ्रीझरमधली "कोंबडी" बाहेर काढून पाण्यात टाकली होती. ती एका गिऱ्हाईकाची गिनी फाऊल होती. तेव्हापासून प्रत्येक पिशवीवर आमच्या हिच्या अक्षरात मोठ्ठं लिहिलेलं असतं: "हे मटण नाही. हात लावू नये."

घेऊन येताना

थर्मोकोलचं खोकं, बर्फाचे पॅक, मोकळ्या जागा कागदाच्या बोळ्यांनी भरलेल्या. एस. टी.नं येत असाल तर खोकं मांडीवर, टपावर नाही. पहाटेच निघा. आणि येण्याआधी फोन करा. मी घरी नसलो तर तुमचा खटाटोप माझ्या बंद दारासमोरच्या उन्हात वाया जायचा.

खोक्यात एक कागद ठेवा. त्यावर पक्ष्याची जात, नर की मादी, कधी मेला, कशानं, किती वाजता थंडीत ठेवला, मधे वितळला होता का, कोणतं औषध चालू होतं, डोळ्याचा रंग, आणि तो तुम्हाला कसा उभा हवाय ते लिहा. वितळला असेल तर लपवू नका. मी पोटावरची चार पिसं ओढून बघणारच आहे.